विरघळणारा स्क्रू गुडघ्यातलं नवं लिगामेंट किती घट्ट धरतो?

गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली की डिस्चार्ज कार्डावर एक छोटी ओळ असते: ‘टिबिया – बायो स्क्रू 9 × 30’. म्हणजे नडगीच्या हाडात 9 मिलिमीटर जाडीचा, 30 मिलिमीटर लांबीचा, शरीरात हळूहळू विरघळणारा स्क्रू बसवला आहे. सोलापुरात कबड्डी, खो-खो आणि कुस्ती खेळणारी पोरं भरपूर. दुचाकी घसरून गुडघा पिळवटलेलेही कमी नाहीत. त्यामुळे ही ओळ शहरातल्या बऱ्याच घरांतल्या फायलींमध्ये सापडेल, आणि तिच्यामागून येणारे प्रश्नही ठरलेले असतात. हा स्क्रू किती दिवसांत विरघळतो? विरघळला की लिगामेंट सुटणार नाही ना? धातूचा घातला असता तर जास्त टिकला असता का?

थोडक्यात उत्तर असं. नीट बसवलेला बायो स्क्रू आणि नीट बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू यांच्या पकडीत फारसा फरक नसतो. पकड स्क्रूच्या पदार्थापेक्षा हाडावर, हाडात पाडलेल्या बोगद्याच्या मापावर आणि स्क्रू कोणत्या कोनात गेला यावर जास्त ठरते. स्क्रूचं खरं काम साधारण पहिल्या तीन महिन्यांचं असतं. त्यानंतर हाड आणि ग्राफ्ट (नव्या लिगामेंटसाठी बसवलेला दोर) एकमेकांना धरतात.

स्क्रू काय करतो

एसीएल हे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकं जोडणारं लिगामेंट. नडगी पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळला जाताना आवरणं हे त्याचं काम. ते मधोमध फाटलं की बहुतेक वेळा शिवून जुळत नाही, म्हणून पेशंटच्याच मांडीमागच्या दोन कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर (सेमिटेंडिनोसस आणि ग्रॅसिलिस) काढून, दुमडून चार पदरी दोर तयार करतात. हाच ग्राफ्ट. त्याची जाडी अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने मोजतात आणि ती 8 मिलिमीटरच्या खाली गेली तर तो पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. मग दोन्ही हाडांत त्याच मापाचे बोगदे पाडतात, ग्राफ्ट ओवतात आणि दोन्ही टोकं पक्की करतात.

हा स्क्रू ग्राफ्टच्या आरपार जात नाही. त्याला डोकंही नसतं. कुऱ्हाडीचा दांडा नेढ्यात हलू नये म्हणून बाजूने पाचर ठोकतात, तसा तो ग्राफ्ट आणि बोगद्याची भिंत यांच्या मधल्या फटीत शिरतो आणि ग्राफ्टला समोरच्या भिंतीवर दाबतो. ग्राफ्ट टिकून राहतो तो या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर. स्क्रूच्या एका बाजूचे आटे हाडात रुततात, दुसऱ्या बाजूचे ग्राफ्टला घासून बसतात. म्हणून या स्क्रूचे आटे बोथट लागतात. धारदार आट्यांनी कंडरेचे धागे कापले जातात. बायो स्क्रूचे आटे मुळातच मऊसर असल्याने तो धोका कमी, आणि त्याच्या बाजूने ही एक चांगली गोष्ट आहे.

ग्राफ्ट वाटीखालच्या पट्ट्याचा असेल तर त्याच्या टोकाला हाडाचा तुकडा असतो. तिथे स्क्रू हाडाला हाडावर दाबतो, पकड जास्त मिळते आणि जोड सहा ते आठ आठवड्यांत धरतो. मांडीमागच्या म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या मऊ कंडरेला मात्र आठ ते बारा आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात तिला घसरू न देणं ही पूर्ण जबाबदारी स्क्रूची. बऱ्याच शस्त्रक्रियांत मांडीच्या बाजूला दोऱ्याच्या फाशात अडकवलेलं छोटं बटण वापरतात आणि बायो स्क्रू नडगीच्या बाजूला येतो. अवघड जागा नेमकी हीच. नडगीच्या वरच्या टोकाचं हाड आतून जाळीदार आणि तुलनेने मऊ असतं, शिवाय ग्राफ्टवरचा ताण बोगद्याच्या सरळ रेषेत येतो. त्यामुळे घसरण झालीच तर बहुधा इथे होते.

आकडे

ताकद न्यूटनमध्ये मोजतात. 10 न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजनाची ओढ. तरुण माणसाचं मूळ एसीएल प्रयोगशाळेत 2,100 ते 2,200 न्यूटनच्या आसपास तुटतं. चार पदरी हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट, चारही पदरांवर सारखा ताण असेल तर, 4,000 न्यूटनच्या घरात जातो. म्हणजे दोर मूळ लिगामेंटपेक्षा मजबूत. पण तो दोर बायो स्क्रूने हाडात बसवून ओढला, तर डुकराच्या गुडघ्यावर केलेल्या चाचण्यांत पकड साधारण 500 ते 800 न्यूटनवर सुटते. डुकराचं हाड घट्ट असतं. वयस्क माणसाच्या ठिसूळ हाडात हा आकडा बराच खाली येतो.

दुसऱ्या बाजूला रोजचा भार पाहा. सपाट रस्त्यावर चालताना एसीएलवर 150 ते 300 न्यूटन आणि जिना उतरताना 450 न्यूटनच्या आसपास ओढ येते, असा अंदाज मांडला जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पहिल्या तीन महिन्यांतले सगळे निर्बंध कशासाठी असतात ते कळतं. पकड पुरेशी असते, पण जपून वापरण्याइतकीच.

एकाच झटक्यात स्क्रू उपटला जाणं तसं विरळा. नेहमीचा प्रकार म्हणजे थोडं थोडं सरकणं. म्हणून चांगल्या चाचणीत 50 ते 250 न्यूटनची ओढ हजार वेळा देतात आणि ग्राफ्ट किती मिलिमीटर सरकला ते मोजतात. गुडघ्यात हे मिलिमीटर फार महागात पडतात. दोन्ही गुडघ्यांच्या ढिलेपणात 3 मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर तो सहसा जाणवत नाही. 5 मिलिमीटरच्या वर गेला की शस्त्रक्रिया अपयशी मानतात, मग ग्राफ्ट तुटलेला नसला तरी. एखादा पेशंट ‘पडलो नाही, लचकलं नाही, तरी गुडघा सटकतो’ म्हणतो, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत झालेली अशी घसरण हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

पकड वाढवणाऱ्या गोष्टींत पहिली हाडाची घनता. तिच्यावर सर्जनचा ताबा नसतो. दुसरी माप. नडगीच्या बोगद्यात स्क्रू बोगद्याइतकाच किंवा 1 मिलिमीटर जाड घेतात, मांडीच्या बाजूला तेवढाच किंवा एक मापाने बारीक. तिसरी लांबी. नडगीत 28 ते 35 मिलिमीटरचा स्क्रू लागतो, कारण जाळीदार हाडात जितकी जास्त लांबी दाबून बसेल तितकी घसरण कमी. जाडी वाढवायची की लांबी असा प्रश्न पडला तर मऊ हाडात आधी लांबी वाढवावी, कारण फार जाड स्क्रू बोगद्याची भिंतच फोडतो. चौथी गोष्ट कोन. स्क्रू बोगद्याला समांतरच गेला पाहिजे. 15 अंशांपर्यंतचा तिरकेपणा चालून जातो, पण 30 अंशांच्या आसपास गेला की स्क्रूचं टोकच तेवढं ग्राफ्टला दाबतं आणि बाकीचा स्क्रू नुसता हाडात राहतो. एक्स-रेमध्ये धातूचा स्क्रू दिसतो म्हणून हा दोष लगेच सापडतो. बायो स्क्रू एक्स-रेमध्ये जवळपास दिसत नाही, दिसतो तो फक्त बोगदा. त्यामुळे बायो स्क्रू वापरताना ऑपरेशन टेबलावरच कोनाची खात्री करून घेणं जास्त गरजेचं.

विरघळतो म्हणजे नेमकं काय होतं

बहुतेक बायो स्क्रू लॅक्टिक आम्लाच्या लांब साखळ्यांपासून बनतात. व्यायामानंतर स्नायूंत जे आम्ल साठतं तेच हे. शरीरातलं पाणी स्क्रूमध्ये मुरतं, साखळ्या मधूनमधून तुटतात, तुकडे लहान होत जातात. शेवटी लॅक्टिक आम्ल उरतं आणि शरीर त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. यात क्रम लक्षात घ्यायला हवा. आधी ताकद कमी होते, मग वजन. स्क्रू आकाराने जसाच्या तसा दिसत असतो, पण आतून दुबळा झालेला असतो.

वेग पदार्थावर ठरतो. सुरुवातीच्या काळात वापरलेला पॉलिग्लायकोलिक आम्लाचा प्रकार महिन्या-दीड महिन्यातच बहुतेक ताकद गमावायचा, आणि झपाट्याने विरघळताना सूज आणि जंतुविरहित स्राव व्हायचा. कंडरेला हाडात धरायला बारा आठवडे लागतात, म्हणजे हा वेग या कामाला चालणाराच नव्हता. मग शुद्ध पीएलएलए (पॉलिलॅक्टिक आम्लाचा एक प्रकार) आलं. ते सहा महिन्यांच्या आसपासपर्यंत बरीच ताकद टिकवतं, पण पूर्ण नाहीसं व्हायला दोन ते पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त घेतं. ‘तीन महिन्यांत विरघळतो’ हा सार्वत्रिक समज म्हणूनच चुकीचा आहे. दोन वर्षांनी एमआरआय केला आणि स्क्रू अजून दिसला, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता जास्त चालतात ते मिश्र स्क्रू. त्यात 25 ते 30 टक्के कॅल्शियमचे क्षार (ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा हायड्रॉक्सिअॅपटाइट) आणि उरलेलं पॉलिमर असतं. क्षारांचे दोन उपयोग. एक, रिकाम्या होणाऱ्या जागेत हाड वाढायला ते आधार देतात. दोन, ते आम्लता कमी करतात. जाड, भरीव स्क्रूमध्ये तयार झालेलं आम्ल आत कोंडतं आणि तेच आम्ल उरलेल्या साखळ्या अजून वेगाने तोडतं. त्यामुळे असा स्क्रू बाहेरून टणक असतानाच गाभ्यातून आधी पोखरला जातो. एके दिवशी कवच फुटतं, साठलेलं आम्ल एकदम बाहेर येतं आणि भोवतालचं हाड चिडतं. मिश्र पदार्थ, भिंतीला खिडक्या ठेवलेले स्क्रू, पोकळ गाभा हे सगळं या कोंडीवरचे उपाय. स्क्रूच्या जागी दरवेळी पूर्ण हाड भरतंच असं मात्र नाही. अनेकांत काही भाग तंतुमय पेशींनी भरतो आणि त्यानेही काही अडत नाही.

ऑपरेशनमध्ये स्क्रू का तुटतो

टायटॅनियमच्या मिश्रधातूची ताणशक्ती 900 मेगापास्कलच्या आसपास, पीएलएलएची 50 ते 70. हाडात बसल्यावर या फरकाने काही अडत नाही, कारण तिथे सगळा खेळ दाबाचा असतो. अडतं ते स्क्रू आत पिळताना. सुरुवातीच्या बायो स्क्रूंना धातूच्या स्क्रूसारखाच छोटा षटकोनी खाचा असायचा, पेचकस फक्त टोकाला बसायचा आणि पिळलं की खाचा गोल व्हायचा किंवा स्क्रू मधोमध तुटायचा. आता पेचकस स्क्रूच्या पोकळीत पूर्ण लांबीभर जातो आणि त्याला तीन किंवा सहा पाकळ्या असतात, त्यामुळे पीळ सगळ्या लांबीवर वाटला जातो. तरीही स्क्रू तुटतात, आणि बहुतेक वेळा त्याची कारणं हीच असतात: पेचकस शेवटपर्यंत बसवलेला नाही, तरुण खेळाडूच्या घट्ट हाडात आधी आटे पाडलेले नाहीत, बोगद्याच्या तोंडाशी स्क्रूसाठी खाच केलेली नाही, किंवा स्क्रूला वाट दाखवणारी तार वाकली आणि तिच्यावरच स्क्रू अडकला.

नीट पद्धत अशी. ग्राफ्ट ओवून मांडीची बाजू पक्की झाली की ताण देऊन गुडघा पंधरा-वीस वेळा पूर्ण वाकवायचा आणि सरळ करायचा, म्हणजे दोरातला ढिलेपणा निघून जातो. मग गुडघा जवळजवळ सरळ ठेवून चारही पदरांवर सारखा, आठ-नऊ किलो वजनाइतका ताण धरायचा. 1.1 मिलिमीटरची लवचीक नायटिनॉल तार ग्राफ्टशेजारून बोगद्याला समांतर सरकवायची. हाड घट्ट असेल तर टॅपने आटे पाडायचे, मऊ असेल तर टॅप टाळून डायलेटरने हाड दाबून बसवायचं. स्क्रू सावकाश फिरवायचा आणि तार मध्येमध्ये पुढे-मागे करून मोकळी आहे ना ते बघायचं. अडलं तर जोर लावायचा नाही, उलट फिरवून बाहेर काढायचा आणि वाट पुन्हा तयार करायची. स्क्रू फिरताना ग्राफ्टही त्याच्याबरोबर गुंडाळला जाऊ पाहतो, म्हणून दोऱ्यांवरचा ताण शेवटच्या फेऱ्यापर्यंत सोडायचा नाही. स्क्रूची मागची कड हाडाच्या पृष्ठभागाला समपातळीत आली की थांबायचं. बाहेर राहिला तर नडगीवर टोचतो, फार आत गेला तर वरच्या कठीण थराची पकड हुकते.

शेवटचे फेरे हाताला घट्ट लागले पाहिजेत. स्क्रू सहज फिरला तर पकड कमी आहे हे तिथेच समजून दुसरा आधार द्यावा: ग्राफ्टचे दोरे खाली वेगळ्या स्क्रूभोवती किंवा बटणावर बांधायचे, नाहीतर स्टेपल मारायचा. पन्नाशीतल्या किंवा हाडं ठिसूळ झालेल्या पेशंटला हा आधार जवळजवळ नेहमी द्यावा असं आमचं ठाम मत आहे. त्याला पाच-दहा मिनिटं जास्त लागतात. घसरलेला ग्राफ्ट दुरुस्त करायचा तर पूर्ण शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते.

सोलापूरचा उन्हाळा आणि स्क्रूचं पाकीट

हा मुद्दा ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचा असल्याने सहज निसटतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्रकार साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतात. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत तापमान त्याहून वीसेक अंश सहज वाढतं. डीलरचा माणूस पुण्याहून खोकं घेऊन आला, गाडी दवाखान्यासमोर उन्हात लावली आणि जेवायला गेला, तर तेवढ्या वेळात स्क्रूचा आकार किंचित बिघडू शकतो. पाकीट उघडल्यावर तो नजरेला ठीक दिसेल, पण पेचकस नीट बसणार नाही किंवा पिळताना तडकेल.

म्हणून खोक्यावर छापलेली तापमानाची मर्यादा वाचावी. काही बनावटींच्या खोक्यावर उष्णतेने रंग बदलणारा ठिपका असतो, तो बदललेला असेल तर पाकीट परत पाठवावं. आतलं फॉइलचं पाकीट दमट हवेपासून जपण्यासाठी असतं. त्याला छिद्र पडलं की स्क्रूचं विघटन तिथेच सुरू होतं. उघडलेला पण न वापरलेला स्क्रू ऑटोक्लेव्हमध्ये घालून पुन्हा वापरायचा नाही. 121 अंशांची वाफ त्याला मऊही करते आणि साखळ्याही तोडते. धातूच्या स्क्रूची सवय असलेल्या स्टाफला हे वेगळं सांगावं लागतं.

पेशंटचे आठवडे

पहिले दोन आठवडे गुडघा पूर्ण सरळ होणं सगळ्यात महत्त्वाचं. वॉकर किंवा कुबडी घेऊन, सर्जनने सांगितलेला भार टाकत चालायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पहिले बारा आठवडे खुर्चीवर बसून पायाला वजन बांधून गुडघा शेवटपर्यंत सरळ करण्याचा व्यायाम टाळायचा, कारण शेवटच्या 30-40 अंशांत मांडीचा पुढचा स्नायू नडगीला पुढे खेचतो आणि तो ताण थेट ग्राफ्टवर येतो. पाय जमिनीवर टेकवून केलेले अर्धे बैठकीचे व्यायाम त्या मानाने सुरक्षित. मांडी घालून बसणं आणि भारतीय शौचालय ही घाई करण्याची गोष्ट नाही. फिजिओने गुडघा मोकळा वाकतो असं सांगेपर्यंत कमोडची खुर्ची वापरावी. तंबाखू आणि मिश्री या काळात खरोखर सोडावी, निकोटिनमुळे कंडरा हाडात धरायला उशीर होतो.

तीन महिन्यांनंतर मात्र खरी फसगत होते. सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, ग्राफ्ट हाडात धरलेला असतो. आणि नेमक्या याच सुमाराला ग्राफ्ट स्वतः नाजूक असतो. जुन्या पेशी मरून नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी आत शिरण्याचं काम चालू असतं, म्हणून बसवला त्या दिवसापेक्षा तो कमकुवत झालेला असतो. एव्हाना स्क्रू कितीही मजबूत असला तरी उपयोग नसतो, कारण आता तुटलं तर मधला दोर तुटतो. पळणं तीन-चार महिन्यांनी, तेही फिजिओच्या नजरेखाली. कबड्डी, कुस्ती किंवा जानेवारीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच, जड मानाची काठी) पेलणं नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि नऊ महिने झाले तरी ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के आल्याशिवाय नाही. नंदीध्वजाचं वजन पेलत पावलं टाकताना आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो. सरावही यात्रेच्या बऱ्याच आधी सुरू होतो. तारीख मोजायची तर सरावापासून मोजावी.

नंतर कधी तक्रार आली तर

ताप, जखमेतून पू, किंवा पोटरीला सूज आणि कळा असतील तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवावं. याचा संबंध स्क्रूपेक्षा जंतुसंसर्गाशी किंवा रक्ताच्या गुठळीशी असतो.

स्क्रूची खास तक्रार उशिरा येते, काही महिन्यांनी किंवा दोन-तीन वर्षांनी. नडगीच्या आतल्या बाजूला, जुन्या व्रणाजवळ बोराएवढी मऊ गाठ येते, कधी त्यातून चिकट द्रव झिरपतो. बरेचदा हा जंतुसंसर्ग नसतो, विरघळणाऱ्या पदार्थामुळे झालेली गाठ असते. तरी जंतू नाहीत हे तपासूनच ठरवायचं. एमआरआय करून बोगद्याचा संबंध पाहतात, आणि गाठ त्रास देत असेल तर छोट्या शस्त्रक्रियेत उरलेले तुकडे काढून जागा साफ करतात. तोवर ग्राफ्ट हाडात धरलेला असल्याने गुडघा ढिला होत नाही. गुडघा मध्येच अडकत असेल तर मात्र स्क्रूचा सुटा तुकडा सांध्यात आला आहे का ते बघावं लागतं.

बायो स्क्रूभोवती बोगदा रुंद होतो हेही दिसतं. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण ग्राफ्ट पुन्हा तुटला तर रुंद बोगदा आधी हाडाने भरून काढावा लागतो आणि काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया होते. त्यामुळे ‘बायो घातला की पुढची शस्त्रक्रिया सोपी’ हे अर्धच खरं. धातूचा स्क्रू शोधून काढण्याचा त्रास वाचतो, बोगद्याचा प्रश्न उरू शकतो.

टायटॅनियम असला तर एमआरआय करता येत नाही, हेही खरं नाही. एमआरआय होतो, फक्त स्क्रूच्या आसपासचं चित्र बिघडतं. पीक नावाच्या प्लॅस्टिकचा स्क्रू चित्र बिघडवत नाही आणि सहसा तुटत नाही, पण तो विरघळतही नाही. परवडत नसेल तर टायटॅनियमचा स्क्रू घेण्यात पेशंटचं काही नुकसान होत नाही, असं आम्ही स्पष्ट सांगतो. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटवर जी किंमतमर्यादा आणली ती सांधेबदलाच्या भागांसाठी होती, या स्क्रूंसाठी नव्हती. त्यामुळे पाकिटावरची एमआरपी आणि बिलातली रक्कम जुळते का ते बघावं.

पाकिटाबरोबर येणारे स्टिकर फाइलला चिकटवून घ्यावेत. त्यावर पदार्थ, माप, लॉट नंबर आणि मुदत असते. चार वर्षांनी गाठ आली किंवा ग्राफ्ट तुटला, तर दुसऱ्या गावातल्या सर्जनला आत कोणता स्क्रू आहे आणि तो एव्हाना कितपत विरघळला असेल हे त्या एका चिठ्ठीवरून कळतं. एक्स-रे ते सांगू शकत नाही.